दहा चाळीस ते अडीच

पुण्यातल्या कल्याणीनगरचा अपघात म्हटलं की लोकांना दोन गोष्टी चटकन आठवतात: पोर्शे गाडी आणि तीनशे शब्दांचा निबंध. गाडी अपघाताच्या क्षणाची, निबंध त्यानंतरचा. अपघाताआधीच्या चार तासांबद्दल फारसं कुणी बोलत नाही. पण हे प्रकरण थांबू शकलं असतं ते त्याच चार तासांत. त्या रात्री गाडी चालवणाऱ्या मुलाच्या वाटेत ठिकठिकाणी अशी माणसं होती, ज्यांना ‘नाही’ म्हणण्याचा पूर्ण अधिकार होता. काहींवर तर कायद्याने तसं बंधनच होतं.

इथे दिलेल्या वेळा आणि तपशील पुणे पोलीस, परिवहन विभाग आणि न्यायालयांनी वेळोवेळी जाहीर केलेले आहेत. ज्यांच्यावर आरोप आहेत त्यांचा निवाडा न्यायालय करील. अपघाताच्या वेळी मुलगा सतरा वर्षांचा होता, म्हणून त्याचं नाव कायद्यानेच छापता येत नाही.

मार्च ते १८ मे २०२४ : बिननंबरची गाडी

पोर्शे टायकन ही विजेवर चालणारी, कोट्यवधींची गाडी. बंगळुरूच्या डीलरकडून ती मार्चमध्ये तात्पुरत्या नोंदणीवर आली. पुण्याच्या आरटीओत तिची तपासणीही झाली. पण कायम नोंदणी रखडली, कारण १,७५८ रुपयांचं शुल्क भरलं गेलं नव्हतं. महाराष्ट्रात विजेच्या गाड्यांना रस्ता कर माफ होता, म्हणून रक्कम एवढी किरकोळ. तात्पुरत्या नोंदणीवरची गाडी फक्त आरटीओत नेण्या-आणण्यापुरती रस्त्यावर आणता येते, असं परिवहन आयुक्तांनी नंतर सांगितलं. पण अपघातापर्यंत ती नंबरप्लेटशिवाय पुण्यात फिरत होती. दुचाकीवर हेल्मेट नसेल तर चौकाचौकात अडवणाऱ्या या शहरात बिननंबरची पोर्शे कुणाच्या डोळ्यांवर आली नाही.

मुलाकडे गाडी चालवण्याचा परवाना नव्हता. अठरा वर्षं पूर्ण होण्याआधी तो मिळत नाही. सोळाव्या वर्षी मिळतो तो फक्त पन्नास सीसीपर्यंतच्या, गिअर नसलेल्या दुचाकीचा.

शनिवार, १८ मे, रात्री १०.४० : अपघाताला ३ तास ५० मिनिटे

बारावी झाल्याचा आनंद साजरा करायला मुलगा मित्रांबरोबर मुंढव्यातल्या ‘कोझी’ पबमध्ये शिरला. पुण्याचे पोलीस आयुक्त अमितेश कुमार यांनी सांगितलेली ही वेळ.

महाराष्ट्रातला नियम असा आहे. बीअर आणि वाइन यांसारखं सौम्य मद्य वयाच्या एकविसाव्या वर्षानंतर. व्हिस्की, रम, व्होडका, जिन यांसारखं कडक मद्य पंचविसाव्या वर्षानंतर. देशातल्या सर्वांत कडक वयोमर्यादांपैकी ही एक. २०११ साली राज्याच्या व्यसनमुक्ती धोरणामुळे पंचविशीचा विषय गाजला तेव्हा अभिनेता इम्रान खान याने त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली होती. अठराव्या वर्षी मत देता येतं, एकविसाव्या वर्षी मुलाला लग्न करता येतं, मग पेल्यासाठी पंचवीस कशाला, असा तो वाद. त्या वादात कुठल्याही बाजूचा युक्तिवाद मान्य केला तरी सतरा वर्षांचं पोर कुठेच बसत नाही. इथे प्रश्न सीमारेषेवरच्या वयाचा नव्हता. एकविशीला अजून तीन वर्षांहून अधिक अवकाश होता.

दारावर बाउन्सर असतो. भांडखोराला बाहेर काढणं आणि नुसत्या मुलांचा घोळका आला तर ‘कपल एन्ट्री’ सांगून परत पाठवणं हे काम तो चोख करतो. चपला घालून आलेल्याला तर दारावरच थांबवतो. म्हणजे माणूस निरखण्याची कला दारावर असते. ती कशासाठी वापरायची, हे मालक ठरवतो.

रात्री ११ ते १२ : अपघाताला साधारण तीन तास

आता टेबलावरचा हिशेब. पोलिसांच्या म्हणण्यानुसार या एका पबात दीड तासात ४८,००० रुपयांचं बिल झालं. सीसीटीव्हीत मुलगा मद्य घेताना दिसतो, असंही त्यांनी सांगितलं.

वयाखेरीज इथे आणखी एक कागद लागतो, जो आपल्यापैकी बहुतेकांनी आयुष्यात पाहिलेला नसतो. महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी माणसाला स्वतःचा परवाना लागतो. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ सालचा. नाव बदलून तो आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा झाला, पण पाया तोच: दारू बंद आहे, परवानाधारकाला सूट आहे. म्हणूनच बारच्या पाटीवर ‘परमिट रूम’ असं लिहिलेलं असतं. एका दिवसाचा परवाना विदेशी मद्यासाठी पाच रुपयांना, वर्षाचा शंभरला, तहहयात हजाराला मिळतो. एक दिवसाचा परवाना बारमध्येच फाडायचा आणि पिणाऱ्याच्या हाती द्यायचा, ही पद्धत.

हा कागद खरोखर फाडला गेला असता तर त्यावर नाव आणि वय आलं असतं. ४८,००० च्या बिलापुढे पाच रुपयांचा तो चिठोरा हास्यास्पद वाटतो. पण वय विचारण्याची जागा नेमकी तिथेच होती. वर्षानुवर्षं आपण सगळ्यांनी मिळून त्या परवान्याचं सोंग करून टाकलं. ग्राहकाला तो माहीत नसतो, वेटर तो मागत नाही आणि उत्पादन शुल्क विभागाच्या दप्तरात मात्र चोपडी भरलेली असते. सज्ञान लोकांसाठी हे सोंग चालून गेलं. त्याच सोंगातून अल्पवयीन मुलंही आत आली.

रविवार, १९ मे, रात्री १२.१० : अपघाताला २ तास २० मिनिटे

‘कोझी’त दारू देणं थांबलं. थांबण्याचं कारण ग्राहकाचं वय नव्हतं. इथून पोरं उठली आणि जवळच्याच हॉटेलातल्या ‘ब्लॅक’ या पबमध्ये गेली. पुन्हा दार, पुन्हा काउंटर, पुन्हा तोच नियम. आता मुलगा नुसता अल्पवयीन नव्हता, दीड तास पिऊन आलेला अल्पवयीन होता.

परदेशांत याबाबतीत दोन वेगळी बंधनं घातलेली दिसतात. ब्रिटनमध्ये अनेक पब ‘चॅलेंज २५’ पाळतात. तिथे कायदेशीर वय अठरा. पण पंचविशीच्या आतला दिसणाऱ्या प्रत्येकाकडे ओळखपत्र मागायचं, म्हणजे अंदाज चुकला तरी तो सुरक्षित बाजूला चुकतो. दुसरं बंधन म्हणजे आधीच नशेत असलेल्याला पुढचा पेला देणं हाच तिथे गुन्हा. आपल्याकडे वय पंचवीस ठेवून कायदा ब्रिटनपेक्षा कडक झाला, पण ओळखपत्र कुणी, कधी आणि किती वयाचा दिसल्यावर मागायचं, हे रोजच्या सवयीत उतरलंच नाही.

कायद्यात शिक्षा कमी आहे, असंही नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७७ सांगतं: वैद्यकीय कारणाशिवाय बालकाला दारू किंवा अमली पदार्थ दिला, तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. हे कलम बारमालकाला लागू आहे, व्यवस्थापकाला आहे आणि पेला टेबलावर ठेवणाऱ्यालाही. एवढ्या वजनाचं कलम असूनही परवाना मिळवताना जागेचा नकाशा आणि अग्निशमन दलाचा दाखला जेवढ्या काळजीने जमवला जातो, तेवढ्या काळजीने कर्मचाऱ्यांना हे कलम समजावलं जात नाही.

रात्री १ नंतर : अपघाताला दीड तास

पोरं दुसऱ्या पबातून निघाली तेव्हा एक वाजून गेला होता. पोर्शेत चौघे होते. घरचा पगारी ड्रायव्हरही त्यांत होता, पण तो शेजारच्या सीटवर. स्टिअरिंग मुलाच्या हाती.

ड्रायव्हर शेजारी बसतो आणि मालकाचा मुलगा गाडी चालवतो, हे दृश्य आपल्याकडे नवं नाही. नोकरी करणारा माणूस मालकाच्या मुलाला किल्ली नाकारू शकत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेलं कलम १९९अ नेमकं इथेच बोट ठेवतं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. राज्याने कडक दारूला जी वयोमर्यादा घातली, तीच केंद्राने या शिक्षेला घातली. दोन्ही कायदे वेगळ्या काळात, वेगळ्या हातांनी लिहिलेले. तरी पंचविशीआधी डोकं थाऱ्यावर असेलच असं नाही, या अनुभवावर ते एकत्र आले.

पहाटे २.३० : अपघात

कल्याणीनगर. मित्रांबरोबर जेवून दुचाकीवरून परतणारे मध्य प्रदेशातले दोन अभियंते, एक तरुण आणि एक तरुणी, दोघंही चोवीस वर्षांचे. नोकरीसाठी पुण्याला आलेले. मागून आलेल्या पोर्शेने त्यांना उडवलं. गाडीचा वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढे असावा, असं पोलिसांनी सांगितलं. दोघंही गेले.

लोकांनी मुलाला धरलं, चोप दिला आणि पोलिसांच्या ताब्यात दिलं. लोकांनी धरलं नसतं तर गाडीला नंबरच नव्हता.

पहाट ते सकाळी ११ : रक्तातला घटनाक्रम

इथून दुसरी उलटी गणती सुरू होते, आणि ही घड्याळात नाही, रक्तात चालते. मोटार वाहन कायद्यानुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल तर गाडी चालवणं गुन्हा. शरीर दर तासाला साधारण १५ मिलिग्रॅम या गतीने ते कमी करत जातं. म्हणजे मर्यादेच्या पाचपट प्यालेल्या माणसाचं रक्त आठ-नऊ तासांनी घेतलं, तर तो मर्यादेत बसलेला दिसू शकतो.

येरवडा पोलीस ठाण्यात पहाटे स्थानिक आमदारही पोहोचले. आपण फक्त फोन आल्यामुळे गेलो, कुठलाही दबाव आणला नाही, असं त्यांनी नंतर सांगितलं. ठाण्यातल्या अधिकाऱ्यांनी मात्र एवढ्या मोठ्या घटनेची खबर वेळेत नियंत्रण कक्षाला दिली नाही, म्हणून दोघांना पुढे निलंबित करण्यात आलं. पहिला गुन्हा कलम ३०४अ खाली दाखल झाला: हलगर्जीपणाने मृत्यू, कमाल शिक्षा दोन वर्षं. त्याच दिवशी त्यात सदोष मनुष्यवधाचं कलम ३०४ वाढवण्यात आलं.

ससून रुग्णालयात मुलाच्या रक्ताचा नमुना घेतला गेला तो सकाळी अकराच्या सुमारास, म्हणजे अपघातानंतर साडेआठ तासांनी. पोलिसांच्या आरोपानुसार तोही टिकला नाही. मुलाचं रक्त कचऱ्यात गेलं आणि कुपीत दुसऱ्याचं भरलं गेलं. ते त्याच्या आईचं होतं, असं तपासात पुढे आलं. या कामासाठी तीन लाख रुपये दिल्याचा आरोप आहे. ससूनच्या न्यायवैद्यक विभागाचे प्रमुख, एक वैद्यकीय अधिकारी आणि एक कर्मचारी यांना २७ मे रोजी अटक झाली, १ जूनला आईला.

हे उघड झालं ते एका साध्या खबरदारीमुळे. पोलिसांनी त्याच दिवशी औंधच्या जिल्हा रुग्णालयात दुसरा नमुना घेतला होता. तोवर दारूचा अंश सापडण्याची वेळ निघून गेली होती, पण डीएनए कुठे जातो? औंधचा नमुना वडिलांशी जुळला, ससूनचा जुळला नाही. या सगळ्या प्रकारात कुणीतरी नियमाबाहेर जाऊन नव्हे, नियमापेक्षा थोडी जास्त काळजी घेऊन काम केलं, असा हा एक प्रसंग.

रविवारची संध्याकाळ : तीनशे शब्द

अपघाताला पंधरा तास होण्याच्या आत बाल न्याय मंडळाने जामीन दिला. अटी अशा: रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध, येरवडा वाहतूक पोलिसांबरोबर पंधरा दिवस काम, दारूच्या व्यसनावर डॉक्टरांचा सल्ला आणि समुपदेशन.

देशभर संताप उसळला. एका अर्थी तो चुकीच्या वेळी आला. मुलाला सुधारण्याची संधी द्यायची, हे बाल न्याय कायद्याचं तत्त्व वाईट नाही. गरीब घरच्या मुलांना त्याचा आधार लागतो. राग यायला हवा होता तो ज्यांनी फक्त कायदा पाळायचा होता त्या सज्ञान माणसांवर, आणि तो शनिवारी रात्रीच यायला हवा होता.

पुढचे दिवस

२१ मे रोजी वडिलांना छत्रपती संभाजीनगरमधून अटक झाली. दोन्ही पबांच्या मालक-व्यवस्थापकांवर बाल न्याय कायद्याखाली गुन्हे दाखल झाले आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने दोन्ही ठिकाणांना सील लागलं. २२ मे रोजी मंडळाने आदेश बदलून मुलाला निरीक्षणगृहात पाठवलं. अपघाताचा दोष अंगावर घे म्हणून ड्रायव्हरला डांबून ठेवल्याच्या आरोपावरून २५ मे रोजी आजोबांना अटक झाली. २५ जून रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, कितीही गंभीर घटना असली तरी अल्पवयीनाला अल्पवयीन म्हणूनच वागवावं लागेल असं सांगून, मुलाच्या सुटकेचा आदेश दिला.

मुलावर सज्ञान म्हणून खटला चालवा, ही पोलिसांची मागणी १५ जुलै २०२५ रोजी बाल न्याय मंडळाने फेटाळली. यामागे दिल्लीची सावली आहे. एप्रिल २०१६ मध्ये दिल्लीत अठरा पूर्ण व्हायला काही दिवस उरलेल्या मुलाने मर्सिडीजखाली एका तरुणाला चिरडलं. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि जानेवारी २०२० मध्ये निकाल आला: ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा ठरवलेली नाही, तो कायद्याच्या भाषेत ‘घृणास्पद’ नाही, आणि घृणास्पद नसेल तर मुलाला सज्ञान मानता येत नाही. कलम ३०४ मध्ये जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, पण किमान शिक्षा नाही. म्हणजे मुलाच्या हातून काही घडल्यावर कायद्याच्या हाती फारसं उरत नाही, आणि ते कायद्याने जाणूनबुजून तसं ठेवलं आहे. मग सगळा भार येतो तो ‘घडण्याआधी’वर. तिथे उभी असतात ती मोठी माणसं.

७ जुलै २०२४, पहाट : सात आठवड्यांनंतर

पुण्यातले बार सील होत होते, उत्पादन शुल्क विभागाच्या धाडी पडत होत्या, बेकायदा बांधकामं पाडली जात होती. तरी बरोबर सात आठवड्यांनी, पुन्हा रविवारी पहाटे, वरळीत बीएमडब्ल्यूने एका मासे विकणाऱ्या जोडप्याच्या स्कूटरला धडक दिली. ससून डॉकवरून मासळी घेऊन ते वरळी कोळीवाड्याकडे परतत होते. पती वाचला, पत्नीला गाडीने फरफटत नेलं. गाडी चालवल्याचा आरोप असलेला तरुण आदल्या रात्री जुहूच्या बारमध्ये बसला होता. पंचविशी पूर्ण नसताना त्याला कडक मद्य दिलं गेलं, असं उत्पादन शुल्क विभागाला आढळलं. पुन्हा सील, पुन्हा बुलडोझर.

सील आणि बुलडोझर दिसायला छान दिसतात. पण ते येतात अपघातानंतर. अपघाताआधीचा तपासनीस शनिवारी रात्री साडेदहाला दारावर जाऊन बिलांतले परवाने मोजणारा असावा लागतो, आणि त्याची छायाचित्रं कधी छापून येत नाहीत.

आणि जासई

हे सगळं पुण्या-मुंबईचं, असं उरण तालुक्यातल्या जासईत बसून म्हणता येत होतं. आता येणार नाही. जासई हे शेतकरी नेते दि. बा. पाटील यांचं गाव. जानेवारी १९८४ च्या आंदोलनात जमिनीच्या भावासाठी इथल्या शेतकऱ्यांनी गोळ्या झेलल्या. आता अटल सेतू जानेवारी २०२४ पासून दाराशी आहे, नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं, जवाहरलाल नेहरू बंदराचे कंटेनर तर दिवसरात्र धावतातच. या पट्ट्यात हॉटेलं येतील, बार येतील, पब येतील, आणि जमिनीच्या मोबदल्यातून घराघरांत गाड्याही आल्या आहेत. मुंढव्यात जी सामग्री एकत्र आली, ती इथेही जमते आहे.

गावाच्या हाती एक हत्यार आहे: उभी बाटली, आडवी बाटली. एक चतुर्थांश महिला मतदारांनी मागणी केली, की मतदान घ्यावं लागतं. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. महाराष्ट्रात कित्येक गावांनी ते वापरलं. पण ते दुकान बंद करण्याचं हत्यार आहे, चालू दुकानातलं वय तपासण्याचं नाही. बंदी मागणाऱ्या गावांना जेवढं बळ दिलं, त्यातलं थोडं चालू बारवर देखरेख मागणाऱ्या गावांना द्यायला काय हरकत आहे? ग्रामसभेपुढे दर तिमाहीला उत्पादन शुल्क अधिकाऱ्याने येऊन सांगावं: तुमच्या हद्दीतल्या परमिट रूमची किती वेळा तपासणी झाली, किती जणांची वयं पाहिली, किती परवाने खरे निघाले. उत्तर शून्य आलं तरी चालेल, ते सभेच्या इतिवृत्तात लिहिलं गेलं पाहिजे. मग पुढचा घटनाक्रम लिहायची वेळ आली, तर पहिली नोंद कुणाच्या नावावर टाकायची हे तरी ठरलेलं असेल.